पेत्नित्साचे वारस

1992 साली सारायेवो शहराला वेढा पडला असताना पावेल पावलिकोव्स्की या दिग्दर्शकाने ‘सर्बियन एपिक्स’ नावाचा माहितीपट केला. बोस्नियातील सर्बांचा नेता रादोवान कराजिच त्यात पश्चिम सर्बियातील त्रशिच या खेड्यात एका जुन्या घरात दिसतो. घर वुक कराजिचचे आहे. सर्बियन लिपीला आजचे रूप देणाऱ्या, लोकगीते गोळा करणाऱ्या आणि लोकांच्या तोंडच्या भाषेला व्याकरण व शब्दकोश देणाऱ्या वुकचे. रादोवान तिथे गुस्ले हे एकतारी वाद्य वाजवून गातो. वुकशी आपले कुळ एक असल्याचे सांगतो आणि पुरावा म्हणून हनुवटीची ठेवण वुकच्या चित्राशी जुळवून दाखवतो.

कुळाच्या दृष्टीने हा दावा निराधार नाही. रादोवानचा जन्म 1945 साली मॉन्टेनेग्रोतील पेत्नित्सा या डोंगरी खेड्यात झाला आणि वुकचे आजोबा योक्सिम याच पेत्नित्साहून निघून त्रशिचला आले होते. दोघेही द्रोब्न्याक या जमातीतल्या कराजिच घराण्याचे. म्हणजे ज्याला जेकब ग्रिमने डोक्यावर घेतले तो भाषापंडित आणि ज्याला हेगच्या न्यायाधिकरणाने नरसंहारासाठी दोषी ठरवले तो राजकारणी, दोघांच्या वंशावळी मागे नेल्या तर एकाच दरीत पोहोचतात. या योगायोगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी म्हणतात, पाहा, एकाच रक्तातून देव आणि दानव कसे निघाले. कोणी म्हणतात, त्या डोंगरांतच हिंसा मुरलेली आहे. मला ही दोन्ही वाक्ये चुकीची वाटतात आणि चूक एकच आहे. दोन्ही वाक्ये रादोवानचे म्हणणे आधीच मान्य करून टाकतात. कुळ म्हणजे रक्त, हे ते म्हणणे. द्रोब्न्याकांचा इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो.

द्रोब्न्याकांचा मुलूख म्हणजे जुन्या हर्त्सेगोविनाचा दुर्मितोर पर्वताभोवतीचा पट्टा. आज तो मॉन्टेनेग्रोच्या वायव्येला शावनिक आणि झाब्ल्याक या तालुक्यांत मोडतो. दुर्मितोरचे सर्वांत उंच शिखर बोबोतोव कूक 2,523 मीटर. उत्तरेला तारा नदीची खोल घळ. हिवाळा लांब, शेती तुटपुंजी, चारा मात्र विपुल. मेंढ्या आणि घोडे हीच इथली दौलत. जमातीचे नाव 14व्या शतकातील दुब्रोव्निकच्या कागदपत्रांत येते तेव्हा सोबत ‘व्लाख’ हा शब्द असतो. डोंगरात गुरे चारणारे आणि किनाऱ्यावरचे मीठ घोड्यांच्या तांड्यांवर लादून आतल्या प्रदेशात पोहोचवणारे लोक त्या काळी या नावाने ओळखले जात. त्यांच्या वस्तीला कातून म्हणत. कातून म्हणजे उन्हाळ्यात वरच्या कुरणात आणि हिवाळ्यात खाली राहणारी काही घरांची टोळी, आणि तिचा एक म्होरक्या.

या कातूनांपासून जमाती कशा बनल्या, यावर ब्रानिस्लाव जुर्जेव यांच्यासारख्या इतिहासकारांनी बरेच काम केले. त्याचे सार असे, की वेगवेगळ्या मुळांची कातूने एका कुरणाभोवती स्थिरावली, कर आणि संरक्षणाच्या गरजेने एकत्र आली, आणि मग त्यांनी आपल्याला एक मूळपुरुष लावून घेतला. म्हणजे आधी गरज, मग एकी आणि सगळ्यात शेवटी पूर्वज. द्रोब्न्याकांची स्वतःची दंतकथाही नीट ऐकली तर हेच सांगते. आपण बोस्नियाकडून आलो, इथे आधी क्रिची नावाचे लोक होते, त्यांना तारा नदीपलीकडे हुसकले आणि ही भूमी घेतली, असे ते म्हणतात. या भूमीतूनच उगवल्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. आम्ही बाहेरून आलो, हे त्यांच्या आठवणीतले पहिलेच वाक्य आहे. त्यानंतरही येणारे थांबले नाहीत. शेजारीच उस्कोत्सी नावाची जमात आहे. ठिकठिकाणच्या सुडातून, करातून आणि दुष्काळातून पळून आलेल्या घरांचीच ती बनली. कुणाच्या मागे खून होता, कुणाच्या मागे आगाचे म्हणजे ऑटोमन अंमलदाराचे शिपाई. दोन-तीन पिढ्यांत त्यांचीही वंशावळ तयार झाली.

मग वंशावळ खोटी का? मला तसे म्हणायचे नाही. शहरी माणूस वंशावळीकडे जन्मदाखल्यांची माळ म्हणून पाहतो. डोंगरात ती कायद्याचे पुस्तक होती. ऑटोमन सत्ता दूर होती. तिचा अंमलदार जाणवे तो कर गोळा करायला आल्यावर. चोरी, खून, कुरणाच्या हद्दीचे भांडण किंवा विधवेच्या वाट्याचा प्रश्न सोडवायला कोर्ट नव्हते. त्या पोकळीत ‘प्लेमे’ म्हणजे जमात, तिच्या पोटात ‘ब्रात्स्त्वो’ म्हणजे भाऊबंदांचा गट आणि त्याच्या पोटात घर, अशी रचना उभी राहिली. एका ब्रात्स्त्वोत लग्न होत नसे. वरचे कुरण सगळ्यांचे, विकायचे नाही. एकाचा खून झाला तर सगळ्यांवर सुडाचे कर्ज आणि एकाने खून केला तर सगळ्यांच्या जिवाला घोर. अशा जगात सात पिढ्यांची नावे तोंडपाठ असणे म्हणजे आपल्यासाठी कोण उभे राहील आणि आपण कुणाचे देणे लागतो, याचा हिशेब तोंडपाठ असणे. तो हिशेब ज्याने पत्करला तो कुळात आला. शपथेने मानलेला भाऊ भावासारखाच धरला जाई. धर्मपितृत्वाचे म्हणजे कूमचे नाते तर रक्तापेक्षा वरचढ. आणि ते धर्माची सीमाही ओलांडत असे. मुलाच्या पहिल्या केशकर्तनाच्या निमित्ताने ख्रिस्ती आणि मुसलमान घरे एकमेकांची कूम होत. वैर मिटवायच्या विधीत खुन्याच्या बाजूचे लोक तान्ही मुले पाळण्यासकट आणून मृताच्या घरच्यांपुढे ठेवत आणि त्यांना कूम होण्याची विनवणी करत. म्हणजे सांडलेल्या रक्तावर उपाय म्हणून नवे नाते निर्माण केले जाई. ज्या समाजाला नाते असे घडवता येत होते, तो समाज केवळ रक्तावर चालतो असे कसे म्हणायचे?

घराण्याच्या शाखा धर्माने वेगळ्या झाल्या तरी नात्याची जाणीव शिल्लक राहते, याचे सर्वांत मोठे उदाहरण थोडे उत्तरेला, द्रिना नदीकाठी सापडते. सोकोलोविच घराण्यातला एक सर्ब मुलगा सुलतानाच्या सैन्यासाठी उचलून नेला गेला, मुसलमान झाला आणि 1565 पासून 1579 मध्ये खून होईपर्यंत ऑटोमन साम्राज्याचा मुख्य वजीर राहिला. हाच मेहमेद पाशा. विशेग्रादचा द्रिनेवरचा प्रसिद्ध पूल त्याने सिनान या वास्तुकाराकडून बांधून घेतला. त्याच घराण्यातला माकारिये 1557 साली पेचच्या पुन्हा उभ्या राहिलेल्या सर्बियन धर्मपीठाचा प्रमुख झाला. ते पीठ उभे राहण्यामागे मेहमेद पाशाचे वजन होते. एका घरात इस्लामी साम्राज्याचा वजीर आणि ऑर्थोडॉक्स चर्चचा धर्मप्रमुख! आजच्या राष्ट्रवादाच्या चौकटीत हे घर बसत नाही, म्हणून दोन्ही बाजू ते अर्धे-अर्धे सांगतात.

द्रोब्न्याकांच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली घटना 1840 सालची. हर्त्सेगोविनातील कर वसूल करणारा स्माइल-आगा चेंगिच म्ल्येतिचाक येथे तळ ठोकून होता. चार वर्षांपूर्वी ग्राहोवोच्या लढाईत मॉन्टेनेग्रोच्या राजघराण्यातले अनेक तरुण त्याच्या फौजेकडून मारले गेले होते. राजा-धर्मगुरू न्येगोशने द्रोब्न्याकांच्या पुढाऱ्यांशी संधान बांधले. नोवित्सा त्सेरोविच आणि पेत्नित्साचा शुयो कराजिच हे त्यातले प्रमुख. आगाच्या छावणीवर छापा पडला, तो मारला गेला, त्याचे मुंडके न्येगोशकडे, त्सेतिन्येला गेले. सहा वर्षांनी या घटनेवर सर्वांत मोठे काव्य लिहिले ते इवान माझुरानिचने. तो क्रोएट होता, कॅथलिक होता आणि पुढे क्रोएशियाचा बान म्हणजे राज्यपाल झाला. एका ऑर्थोडॉक्स डोंगरी जमातीचे साहस एका कॅथलिक कवीने आपल्या भाषेतले थोर काव्य करून सोडले, आणि त्या काळी कोणाला ते उसने घेतल्यासारखे वाटले नाही. वारसा कसा प्रवास करतो, ते इथे दिसते. ज्याला त्याची ओढ लागली त्याच्याकडे तो जातो.

आता वुककडे वळू. 17व्या आणि 18व्या शतकांत या डोंगरांतून सर्बियाच्या सुपीक टेकड्यांकडे माणसांचा ओघ सतत वाहत होता. भूगोलतज्ज्ञ योवान त्स्वियिच यांनी 20व्या शतकाच्या सुरुवातीला या स्थलांतरांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. गावोगाव शिक्षक, पुजारी, विद्यार्थी पाठवून कोणते घर कुठून आले, कधी आले, कोणता संत पूजते, याच्या नोंदी करवल्या. त्या नोंदींचे खंड आजही वाचण्यासारखे आहेत. त्यांतून उमटणारे चित्र असे, की त्या टेकड्यांवरच्या गावांतली बहुतेक घरे कुठून तरी आलेलीच आहेत. योक्सिम कराजिच त्यांतलाच एक. त्याच्या नातवाचा जन्म 1787 साली त्रशिचमध्ये झाला. आधीची मुले जगली नव्हती. लांडग्याच्या वाटेला चेटकिणी जात नाहीत या समजुतीने त्याचे नाव वुक, म्हणजे लांडगा, ठेवले गेले.

हनुवटीची ठेवण सोडा. वुकला पेत्नित्साकडून खरोखर काय मिळाले, याचे उत्तर नेमके देता येते. त्याला बोली मिळाली. हर्त्सेगोविनातून आलेल्या या घरांनी डोंगरातले इयेकावी उच्चार सोबत आणले होते आणि त्रशिचमध्ये तेच बोलले जात. वुक 1813 साली व्हिएन्नाला पोहोचला आणि स्लोव्हेन विद्वान येर्नेय कोपितार यांच्या प्रोत्साहनाने कामाला लागला. त्या वेळी सर्बियन लेखक चर्चच्या जुन्या भाषेची मिसळ असलेली एक कृत्रिम भाषा लिहीत. शेतकऱ्याला ती कळत नसे. वुकने 1814 साली लोकगीतांचा पहिला संग्रह आणि व्याकरण काढले. 1818 साली 26 हजारांहून अधिक शब्दांचा कोश काढला. जसे बोलावे तसे लिहावे आणि एका ध्वनीला एकच अक्षर असावे, या तत्त्वावर त्याने लिपी घासूनपुसून घेतली. चर्च संतापले. 1832 साली सर्बियाचे राजे मिलोश यांनी त्याच्या लेखनपद्धतीने छपाई करण्यावर बंदी घातली. सर्बियात ती पद्धत पूर्णपणे मान्य झाली 1868 साली, वुकच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

1818 च्या कोशाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव आहे वुक स्तेफानोविच, म्हणजे स्तेफानचा मुलगा. कराजिच तिथे नाही. घराण्याचे नाव त्याने पुढे धारण केले. मोठेपणी, विचारपूर्वक, व्हिएन्नात बसून. आपण कोणत्या डोंगरातून आलो हे जगाला कळावे, अशी त्याची इच्छा असणार. गीते देणारे तेशान पोद्रुगोविच, म्हातारा मिलिया, म्हातारा राश्को यांच्यासारखे गायक त्याच हर्त्सेगोविनाच्या मुलखातून परागंदा झालेले होते, आणि त्यांच्या बाजूला उभे राहणे म्हणजे ते नाव लावणे. कुळनाव त्याने असे निवडून घेतले. मला ही निवड फार मोलाची वाटते. कारण तिच्यात ऋण मान्य करणे आहे, हक्क सांगणे नाही.

आणि वुकचे वंशज? त्याने व्हिएन्नाच्या आना क्राउस या कॅथलिक स्त्रीशी लग्न केले. पुष्कळ मुले झाली, बहुतेक लहानपणीच गेली. मोठी झाली ती मिना आणि दिमित्रिये. मिना चित्रकार होती. वडिलांनी जमवलेल्या लोककथांचे तिने जर्मन भाषांतर केले आणि 1854 साली ते ग्रिमच्या प्रस्तावनेसह निघाले. म्हाताऱ्या, लंगड्या वुकचा ती उजवा हात होती. तिचा मुलगा आणि तिचा भाऊ तिच्या आधी गेले. 1894 साली मिना वारली आणि वुकचा थेट वंश संपला. द्रोब्न्याकांच्या मोजणीत वंश मुलाने चालतो. मुलीचे नाव वंशावळीत येतच नाही. ती लग्न होऊन दुसऱ्या घराच्या हिशेबात जाते आणि तिथेही बहुधा निनावी राहते. या पद्धतीने मोजले तर वुकच्या कामाची सर्वांत निष्ठावान वारस मोजणीतच धरता येत नाही, आणि त्याच्या कामाचा कवडीचाही वाटेकरी नसलेला, पाच-सहा पिढ्यांनी दूरचा भाऊबंद मात्र त्याच्या घरात येऊन हनुवटी दाखवू शकतो. कुळाच्या जुन्या पद्धतीचे मी वर समर्थन केले. तिचा हा दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

वुक स्वतः निर्दोष नव्हता. 1849 साली छापलेल्या एका निबंधात त्याने मांडले, की श्तोकावी, म्हणजे वुकची बोली ज्यात मोडते त्या मोठ्या बोलीगटातले, सारे सर्ब होत, मग ते ऑर्थोडॉक्स असोत, कॅथलिक असोत किंवा मुसलमान. वर्षानुवर्षे हा निबंध राष्ट्रवाद्यांच्या हातात शस्त्रासारखा राहिला. त्याचा अर्थ साधा आहे: तुम्ही स्वतःला काहीही म्हणा, तुम्ही आमचे आहात. भाषेवरून माणसांना आपल्यात ओढणे हे रक्तावरून ओढण्यापेक्षा सौम्य वाटते, पण समोरच्याला विचारण्याची गरज दोन्हीकडे वाटत नाही. तरीही एक फरक मी सोडायला तयार नाही. वुकच्या कल्पनेतल्या राष्ट्रात मुसलमान शेजारी होता. रादोवानच्या राज्यात त्याला जागाच नव्हती.

रादोवान पेशाने मनोविकारतज्ज्ञ होता, कवितासंग्रह छापलेला कवी होता आणि त्याची उमेदीची सारी वर्षे सारायेवोत गेली होती. त्याच शहराला त्याच्या सैन्याने सुमारे 44 महिने वेढले. 1992 च्या ऑगस्टमध्ये त्या सैन्याच्या तोफांनी राष्ट्रीय ग्रंथालयाची इमारत पेटवली आणि लाखो पुस्तके जळाली. शब्द गोळा करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा वारस म्हणवणाऱ्याच्या नावावर हे जमा आहे. 1995 च्या जुलैमध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले.

या युद्धाच्या काळात जगभरच्या वर्तमानपत्रांतून एक स्पष्टीकरण फिरत राहिले. बाल्कनमधली ही प्राचीन वैरे आहेत, डोंगरी टोळ्यांचे सूडचक्र आहे, बाहेरच्यांनी त्यात पडू नये. हे स्पष्टीकरण आळशी तर होतेच, पण घातकही होते, कारण त्याने हस्तक्षेप टाळणाऱ्यांची सोय झाली. सुडाची डोंगरी रीत क्रूर होती, पण ती रीत होती. वैर नाव असलेल्या दोन घरांत असे. स्त्रिया आणि मुले त्याच्या बाहेर असत. मध्यस्थ होते, युद्धबंदी होती, पाळणे पुढे ठेवून ते मिटवता येत असे. स्रेब्रेनित्सात यातले काय होते? तिथे बस होत्या, इंधनाचा हिशेब होता, माणसे कोंडायला शाळा आणि गोदामे होती, पुरायला यंत्रे होती आणि नंतर प्रेते उकरून दुसरीकडे हलवण्याचे आदेश होते. मारणारे मरणाऱ्यांना बहुधा ओळखतही नव्हते. हे काम आधुनिक सैन्याचे आणि आधुनिक प्रशासनाचे आहे. कुळाची गाणी त्यावर पांघरूण म्हणून घातली गेली. ते पांघरूण खरे मानून द्रोब्न्याकांच्या डोंगरांना दोष देणारे पत्रकार आणि गुस्ले वाजवणारा रादोवान, दोघेही एकच गोष्ट सांगत होते: हे आमच्या/त्यांच्या रक्तात आहे.

त्या डोंगरांची आजची स्थिती पाहिली तर रक्ताचा हा सारा गजर आणखी पोकळ वाटतो. 2011 च्या जनगणनेत शावनिक तालुक्याची लोकसंख्या 2,070 होती. माणसे पोटासाठी निक्शिच, पोद्गोरित्सा, बेलग्रेडला गेली, जशी ती तीन शतके जात आली आहेत. 2006 साली मॉन्टेनेग्रो स्वतंत्र झाले आणि आपण सर्ब की मॉन्टेनेग्रिन, यावर एकाच ब्रात्स्त्वोतले भाऊ वेगवेगळी उत्तरे देऊ लागले. 2009 साली मॉन्टेनेग्रिन भाषेच्या वर्णमालेत दोन अक्षरे वाढवली गेली. सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, मॉन्टेनेग्रिन अशा चार नावांच्या चार प्रमाणभाषा आज आहेत आणि चारही त्याच हर्त्सेगोविनी बोलीच्या पायावर उभ्या आहेत, जी योक्सिमसारख्या स्थलांतरितांनी आपल्या मेंढ्यांबरोबर खाली नेली होती.

रादोवान तेरा वर्षे फरार राहिला. 2008 साली बेलग्रेडमध्ये पकडला गेला तेव्हा तो दुसऱ्याच नावाने, दाढी-केस वाढवून, पर्यायी उपचार करणारा वैद्य म्हणून वावरत होता. आयुष्यभर मिरवलेले कुळनाव त्याने त्या काळात टाकून दिले होते. हेगच्या न्यायाधिकरणाने 2016 साली त्याला 40 वर्षांची शिक्षा दिली. 2019 साली अपिलात ती जन्मठेप झाली. खटल्यात त्याने स्वतःचा बचाव स्वतः केला, म्हणजे वेढ्यातून आणि हत्याकांडातून वाचलेल्या साक्षीदारांची उलटतपासणी त्यानेच घेतली. न्यायाधीशांसाठी दुभाषे बोलत होते. आरोपी आणि साक्षीदार यांच्यामध्ये मात्र दुभाष्याची गरज नव्हती. त्या साक्षी आता न्यायाधिकरणाच्या दफ्तरात आहेत. ज्यांची गावे नकाशावरून पुसायची होती त्या माणसांनी गावांची नावे, भावांची नावे, तारखा एकेक करून सांगितल्या, आणि त्या ज्या भाषेत सांगितल्या तिला न्यायाधिकरणाने तीन नावे जोडून एकच भाषा मानले होते.